निळा फ्रॉक

हेडविग लोरेंट्स अर्थशास्त्रातली डॉक्टर. बाहुल्यांच्या धंद्यावर लिहायचं म्हणून ती जर्मनीतल्या ट्युरिंगियाच्या डोंगरात आली आणि दोन हिवाळे घरीच बाहुल्या बनवणाऱ्या मिन्ना ग्राइनरच्या टेबलाशी बसली. कागदाचा लगदा साच्यात दाबला, बाहुल्यांची डोकी घासली. हात न लावता लिहिणं तिला पटत नसे. शेजारी मिन्नाची सात वर्षांची लेक लीना बाहुल्यांचे डोळे चिकटवायची आणि खोकायची.

लहान मुलांना हे काम लावू नये, असा कायदा हेडविगला हवा होता. तिचे लेख बर्लिनमध्ये कुणी वाचेना.

"वाचत नाहीत, तर बघू देत," ती म्हणाली आणि चित्रपट काढायला कॅमेरावाल्याला घेऊन आली.

उजेडासाठी टेबल अंगणात आणलं होतं. त्यावर इस्त्रीचं पांढरं कापड, मधोमध गव्हाचा पाव. लीनाच्या अंगावर चर्चला जायचा निळा फ्रॉक.

"मिन्ना, रोजचे कपडे हवे होते गं."

"डॉक्टरबाई, आमचा फोटो निघाला तो एकदाच, लग्नात. आता राजधानीतले साहेब बघणार, आणि आम्ही फाटक्यात बसायचं? तुम्ही बसाल?"

"खरं दिसायला हवं."

"मग खोटं काय आहे? फ्रॉक आमचाच आहे. पाव तेवढा उसना."

हेडविगने जास्त ताणलं नाही. लीना उन्हात बसली, डोळे चिकटवता चिकटवता हसली.

बर्लिनमध्ये चित्रपट संपल्यावर कायद्याचा विचार करणाऱ्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मंडळी मजेत आहेत की. आमच्या पोरांना कुठलं असं ऊन?"

सगळे हसले. चित्रपट मुका होता, पडद्यावर खोकला ऐकू येत नव्हता. कायदा बारगळला.

लीना पुढचा हिवाळाभर डोळे चिकटवत राहिली. वसंतात त्या खोकल्यानेच गेली.

हेडविग प्रक्षेपणाचं लहान यंत्र पाठीवर घेऊन चढ चढून आली. मिन्नाने खिडक्या लावल्या, भिंतीवर चादर टांगली. यंत्राचा दांडा फिरवला की त्यातच वीज होऊन दिवा लागे. हेडविग फिरवू लागली. चादरीवर लीना आली, हसली.

"शोभत होता तिला," मिन्ना म्हणाली. "तुमचं ऐकलं असतं, तर फाटक्यातच राहिली असती." मग थोड्या वेळाने, "त्या कायद्याचं काय झालं?"

"नाही झाला."

"का?"

"मला नीट दाखवता आलं नाही."

मिन्ना चादरीकडेच बघत होती. "पुन्हा लावा, बाई."

हेडविगने फीत मागे गुंडाळली आणि पुन्हा दांडा धरला. खांदा भरून आला होता. तरी ती थांबली नाही. हात थांबला असता, तर दिवा विझला असता.