तिसरा सामना कराडला

मी जन्मात कधी हुतूतू खेळलो नाही. अंगकाठी कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीसारखी. मला संघात घेतं कोण? पण साताऱ्याचा गडी सांगलीच्या अंगणात शिरला की रेघेबाहेर पाय माझे सरकायचे. साताऱ्यात एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, तिशीच्या आतला, आणि या खेळापायी पार खुळा झालेला.

लढाईची वर्षं होती ती. पेट्रोल मिळत नसे, म्हणून सातारा-सांगली मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवलेली आणि ती पेटती ठेवायला एक माणूस नेमलेला. तो माण तालुक्यातला, पंचविशीचा. बायको आणि लहान मुलगी गावाकडे. दिवसभर धुरात, संध्याकाळी तालमीच्या मैदानावर. आमच्या संघाची चढाई म्हणजे तोच. बाकीचे गडी त्याच्या मागे नुसते उभे राहायला आहेत, असं म्हटलं तरी त्यांना राग आला नसता.

जिंकणाऱ्या संघाला मिळायची ती ढाल तीन वर्षं सांगलीकडे होती. त्या हिवाळ्यात असं ठरलं की एक सामना सांगलीत, एक साताऱ्यात आणि बरोबरी झालीच तर तिसरा कराडला. दोन जिंकेल त्याची ढाल.

नाडी मोजून मोजून मला एक खोड जडली होती. गडी रेघ ओलांडून ‘हुतूतू’ म्हणायला लागला की मी मनात आकडे म्हणायचो आणि दम तुटेपर्यंत किती होतात ते पाहायचो. आमच्या गड्याचा दम चाळिसाला भिडायचा. सांगलीचा एकही पंचविसाच्या पुढे जात नसे. ही माझी खासगी संपत्ती होती, कोणाला सांगितलेली नाही.

पहिला सामना सांगलीत कृष्णेकाठी झाला आणि आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. माझे आकडे मात्र तिसाच्या पुढे एकदाही गेले नव्हते. मोजण्यात चूक झाली असेल, असं मी स्वतःला बजावलं. परतताना प्रत्येक चढाला मोटार थांबे, तो भट्टी ढोसायला उतरे आणि मागून खोकल्याची उबळ ऐकू येई. धूर, दुसरं काय, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणालो.

दुसरा सामना साताऱ्यात, रविवारी. सकाळपासूनच मला काही सुधरत नव्हतं. नारळ फोडून आलेल्यांची मी यथेच्छ टिंगल केली आणि स्वतः मात्र सांगलीला घातलेलीच टोपी घालून गेलो. आम्ही हरलो. त्याच्या दमाचे आकडे तेवीस, एकवीस, वीस. शेवटी शेवटी तर सांगलीवाले त्याला धरायलाही जाईनात. त्याचा दम आपोआप तुटेपर्यंत ते नुसते मागे सरत राहिले. मैदानावर आणखी कोणीतरी मोजतंय, हे माझ्या लक्षात आलं.

बुधवारी दुपारी तो दवाखान्यात आला. डॉक्टर रोगी पाहायला पाटणला गेले होते, संध्याकाळी यायचे होते.

"खोकल्याचं कायतरी द्या की, कंपाउंडर," तो बाकावर टेकत म्हणाला.

"ताप येतो?" मी विचारलं.

"सांजच्याला येतो वाईच."

"रात्री घाम?"

"लय. सदरा पिळून काढावा लागतो."

वजन विचारायची गरजच नव्हती. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती. या प्रश्नांची हीच उत्तरं मी सहा वर्षं ऐकत आलो होतो आणि त्यावर डॉक्टर काय म्हणतात तेही मला पाठ होतं. काम बंद, अंथरूण धर, मिरजेला इस्पितळात जा. तिसरा सामना चार दिवसांवर आला होता.

"आवं, काय झालंय मंग?"

"काही नाही रे," मी म्हणालो. "धूर बसलाय छातीत. ही बाटली ने. सोमवारी ये, मग डॉक्टरांना दाखवू."

त्यानं बाटली घेतली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "सोमवारी," तो म्हणाला आणि हसला.

संध्याकाळी डॉक्टरांनी रोजच्यासारखं विचारलं, कोणी येऊन गेलं का? कोणी विशेष नाही, असं मी सांगितलं. ते चार दिवस मी भीतीत काढले. सांगायला लाज वाटते, पण ती भीती सामन्याची होती.

कराडला नदीच्या वाळवंटात माणसांची नुसती भिंत उभी होती. शेवटच्या चढाईपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. तो रेघ ओलांडून गेला. सांगलीवाले पुन्हा मागे सरले. आठ, नऊ. त्यानं झेप घेऊन कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला आणि वळला, तसे ते दोघे त्याच्या पायांवर कोसळले. तेरा, चौदा. त्याचा आवाज लाकडावर कानस घासावी तसा येत होता. दोघांना ओढत तो रेघेकडे सरकू लागला आणि मी, क्षयाचे रोगी रोज पाहणारा माणूस, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतो, "दम सोडू नको! दम सोडू नको!"

सतराला त्याची बोटं रेघेला लागली.

ढाल आमची झाली. कोण कुठल्या माणसाला मी मिठी मारली आणि रडलो. तो वाळूत पालथा पडला होता, त्याला पोरांनी तसाच खांद्यावर उचलला. मिरवणूक संपेपर्यंत त्यानं तोंडावर दाबून धरलेला पंचा काढला नाही.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला नळी लावली ती बराच वेळ काढली नाही. मी आतल्या बाजूला बाटल्या धूत होतो.

"इतके दिवस काय करत होतास?" डॉक्टर संतापले होते. "यापूर्वी कोणाला दाखवलं होतंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बुधवारी पाहिलं होतं अगदी तसंच.

"न्हाई जी," तो म्हणाला. "कुनालाच न्हाई."

मी पुढे झालो नाही. बाटल्या धूत राहिलो.

मिरजेहून त्याला गावाकडे नेलं आणि पुढचा हिवाळा काही त्यानं पाहिला नाही. बुधवारीच कळलं असतं तर फरक पडला असता का, हे विचारायला डॉक्टर त्यानंतर कितीतरी वर्षं रोज माझ्यासमोर बसत होते. मी विचारलं नाही.