गरम होती, एवढंच लिही

मोटर असो की चहाचा ग्लास, काका आधी उलटा हात लावून बघायचे. "मतलब, झटका बसला तर हात आपोआप मागे येतो," हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकावं लागायचं. चहाला झटका कसला, हे विचारायची सोय नव्हती.

इकडे हिंदी मुलखात, बस्सीजवळच्या एका आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेत. नऊ वर्षं, दरवेळी अकरा महिन्यांच्या करारावर. याला मी नोकरी म्हणत नाही. तुम्ही म्हणता का? आम्ही संघटनेची पोरं अशा कंत्राटी शिक्षकांसाठी पत्रकं वाटायचो. काका आमच्या शेजारचे, मूळचे भुसावळचे. पत्रक हातात घेऊन आधी शुद्धलेखन तपासायचे.

त्या वर्षी जगतपुऱ्याच्या एका कॉलेजात विजेच्या गाड्यांची स्पर्धा होती. काकांच्या वर्गातल्या मुलांनी भंगारातली स्कूटर कापून, बॅटऱ्या बसवून तीनचाकी केली. चालवणार सुनीता, कारण वर्गात सगळ्यात हलकी तीच. काकांनी जाड तार मागितली होती, ऑफिसने बारीक दिली. त्यांनी दोनदा लेखी कळवलं. उत्तर नाही.

स्पर्धेच्या दिवशी सरावाची एक फेरी झाली. काकांनी तार तपासली आणि 'गाडी सुरक्षित आहे' या फॉर्मवर सही करायला नकार दिला.

"मास्टरजी, मेहमान बैठे हैं," प्राचार्य दातओठ खात म्हणाले.

"एक चक्कर में इतनी गरम है, सर. दस चक्कर बच्ची को नहीं बिठाऊँगा."

सुनीता भडकली. "डर आपको लगता है, सर. मुझे नहीं."

"हाँ बेटा, मुझे लगता है."

गाडी मंडपाबाहेरच राहिली. मुलं महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाहीत.

ऑफिसच्या त्या बारीक तारेवरून माझं डोकं फिरलं. पत्रक लिहिलं: 'मुलगी जिवंत जळाली असती!' काकांनी त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"जळाली असती, हे तुला कसं कळलं?"

"काका, असं लिहिल्याशिवाय कोणी वाचत नाही."

"तार गरम होती. एवढंच लिही."

मी मान हलवली आणि माझीच ओळ छापली. ठळक अक्षरांत.

प्राचार्य तेच पत्रक घेऊन वरच्या ऑफिसात गेले. मुलीला साधं खरचटलंही नाही, म्हणजे मास्तर संस्थेची खोटी बदनामी करतोय, असं त्यांचं म्हणणं. काकांना विचारणा झाली. पत्रक कोणी लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचा करार झाला नाही.

ते भुसावळला भावाकडे गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

नंतर, त्यांना परत घ्या म्हणून आयटीआयच्या फाटकावर सह्या गोळा करत होतो. सुनीताने कागद वाचून सही न करताच परत दिला.

"आपने ही छापा था न, कि मैं जल जाती?"

"हाँ."

"सर के होते मैं कैसे जल जाती?"

ती आत गेली. इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला अजून कोणी शिक्षक आलेला नव्हता.