फक्त माझ्यासाठी केलेली स्क्रीन

२०२१ साल. मला सत्तावन्न पूर्ण झाली होती आणि रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. शिक्षण चौथी, तेही धड नाही. पण मला विचारल्याशिवाय स्टोअरमधला पोलादाचा एक बार हलत नसे, आणि ह्याचा मला माज होता. अभिमान म्हणायला पाहिजे, पण माजच होता.

कॉम्प्युटर आला तेव्हा मी अडून बसलो होतो. इंग्रजी स्क्रीनवर काम करणार नाही म्हणजे नाही. शेवटी तेव्हाच्या साहेबांनी माझ्यापुरता वेगळा प्रोग्रॅम करून घेतला. मराठीत, ठळक अक्षरं, रकाने तीनच. माल कोणता, किती, कुणाला दिला. प्रत्येक बारच्या तोंडावर हीट नंबर रंगवलेला असतो; बार कोणत्या ओतणीचा ते त्यावरून कळतं आणि गिऱ्हाइकाला तो बरोबर लागतो. दरवेळी तो टाकायचा वैताग नको म्हणून मीच सांगितलं, "जुना माल पुढं असतो, तोच आधी जातो. मशीनलाच सगळ्यांत जुना नंबर घेऊ द्या." तसं केलं. पुढं कैक वर्षं घरी आलेल्या पाहुण्यांना मी सांगायचो, कंपनीनं माझ्यासाठी प्रोग्रॅम बनवलाय.

त्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची ठरली. पुण्याहून एक मॅडम आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. कंपनीनं वेळोवेळी स्वतःपुरते करून घेतलेले असे प्रोग्रॅम ढीगभर निघाले. नव्यात न्यायचा तर प्रत्येक तपासून दुरुस्त करावा लागणार, गरज नसेल तो काढून टाकायचा. मॅडम खात्याखात्यात विचारत फिरत माझ्याकडं आल्या.

"काका, हा कोण कोण वापरतं?"

"अख्खं स्टोअर."

"आणि काढला तर?"

"तर स्टोअरला कुलूप लावा अन् किल्ली घेऊन जा पुण्याला."

त्या हसल्या. मला वाटलं, जिंकलो. माझ्या हाताखालचा क्लार्क शेजारीच होता, तो कीबोर्डकडं बघत राहिला.

हा नाशिक रोडचा. शिफ्ट सुटल्यावरही रोज टेबलाशी थांबायचा. मी निघताना टोमणा मारायचो, "का रे, बायको घरात घेत नाय का?"

"घेते अण्णा. पण उशिरा गेलं की भाजी निवडायला नाय लावत."

आठवड्यानं साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मॅडमनी भिंतीवर कसल्या कसल्या ओळी दाखवल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हा प्रोग्रॅम फक्त तुम्हीच चालवता. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक नोंद त्याच संध्याकाळी रद्द होऊन नेहमीच्या स्क्रीनवरून परत झालेली आहे."

साहेबांनी क्लार्ककडं बघितलं. तो उभा राहिला, चूक त्याचीच असल्यासारखा.

"नवी शेड झाल्यापासून फोर्कलिफ्ट पुढूनच माल लावते, साहेब. नवा माल पुढं येतो, तोच जातो. अण्णांच्या स्क्रीनवर मात्र जुना नंबर पडतो. मग मी बारवरचा बघून बदलतो."

"अण्णांना सांगायचं ना."

"सांगितलं होतं साहेब. एकदा."

मला आठवलं. "तू मला स्टोअर शिकवणार काय रे?" असं म्हटलं होतं मी. हमालांसमोर म्हटलं होतं, आणि ते हसले होते. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

साहेब म्हणाले, "राहू द्या मॅडम. अण्णांचं वर्षच राहिलंय. करा तेवढा दुरुस्त."

"हो, दोन दिवसांचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. लहान पोराच्या हातातलं खेळणं काढून घेऊ नका म्हणावं, तसला आवाज होता दोघांचा.

क्लार्क म्हणाला, "मी बदलत जाईन साहेब. सवय झालीय."

ते ऐकून माझे कान तापले. कुणी झापलं असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. मी उठलो आणि बाहेर पडलो. संध्याकाळी निघताना तो टेबलाशीच होता, माझीच नोंद दुरुस्त करत. मी त्याच्या पाठीमागून गेलो. 'चुकलो' म्हणायला तोंड उघडेना. आजही उघडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टच्या बसनं गेलो. मॅडम येईपर्यंत केबिनबाहेर उभा राहिलो आणि त्या येताच म्हटलं, "माझा काढून टाका." त्या काही विचारणार, तोवर मी शेडकडं वळलो. त्या दिवशीच्या मालाच्या बारांची तोंडं फडक्यानं पुसून हीट नंबर तळहातावर लिहिले. आकडे मला वाचता येतात. मग क्लार्कच्या टेबलाशी गेलो. तो खुर्ची द्यायला उठला.

"बस," मी म्हटलं, आणि उभ्यानंच एकेक नंबर वाचू लागलो.