राजकन्येच्या कॅसेटवर बजेट

नव्वदच्या दशकात, एका बजेटच्या संध्याकाळी, मी धाकट्या बहिणीच्या सिनेमावर अर्थमंत्र्यांचं भाषण टेप केलं. बाबा अर्थखात्यात होते. बजेटची छपाई सुरू झाली की भाषण होईपर्यंत त्यांना ऑफिसबाहेर पडता येत नसे. जाताना त्यांनी भाषण टेप करून ठेवायला सांगितलं होतं. गुडगावच्या नव्या सोसायटीजवळ तेव्हा दुकान नव्हतं आणि घरात कॅसेट एकच होती, राजकन्येच्या कार्टूनची, गाण्यांनी भरलेली. आई गेल्यापासून पाच वर्षांची बहीण कुणाशी बोलत नव्हती. पण रोज दुपारी ती कॅसेट लावून न कळणारी इंग्रजी गाणी मोठ्यानं म्हणायची. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटची मागची पट्टी तोडलेली होती. तिथे सेलोटेप चिकटवून मी रेकॉर्डिंग केलं. दुसऱ्या दिवशी बाबांसमोरच बहिणीने कॅसेट लावली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ताई, हे अंकल कधी जाणार?" बाबांचा चेहरा उजळला. "अच्छा, बोलली बघ," ते म्हणाले. रविवारी करोल बागेतून त्यांनी तोच सिनेमा नवा आणला. तिने तो तोंड मिटून शेवटपर्यंत पाहिला. आता तिची मुलगी ती गाणी म्हणते आणि बहीण शेजारी बसून असते. तिला गाताना मी पुन्हा ऐकलेलं नाही.