पुढच्या दाराची किल्ली

त्या गल्लीत फ्रिज फक्त आमच्या काकूकडे होता. काकांचा फरश्यांचा कारखाना जोरात चालायचा, त्यामुळे बाजारात नवं काही निघालं की आधी आमच्या घरी यायचं. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते. शाळेतून आल्या आल्या फ्रिजचं दार उघडून तोंडावर गारवा घ्यायचा, हा माझा पहिला उद्योग. अजूनही कुठे जुन्या फ्रिजची घरघर कानावर आली की ते स्वयंपाकघर आठवतं, आणि "दार लाव गं, बर्फ वितळेल" म्हणणारी काकू.

मागच्या पत्र्याच्या खोल्यांत एक बाई कपड्यांना काजं-बटणं करून द्यायची. तिची मुलगी इतकी किडकिडीत, की सगळे तिला चिमणीच म्हणत. त्या पोरीला साखरेचा आजार निघाला. रोज इंजेक्शन, आणि औषधाची बाटली गार ठेवायची. पत्र्याखाली तर माठातलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. बाईनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिली. औषध बिघडलं आणि चिमणी मरता मरता वाचली.

काकू कपडे द्यायला गेली तेव्हा तिला हे कळलं. औषधाची नवी बाटली घेऊनच ती घरी आली आणि फ्रिजमधलं काकांचं सरबत बाहेर काढून तिथे बाटली ठेवली.

बाई सकाळ-संध्याकाळ मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. हाक मारायचाही तिला संकोच. एकदा आत सगळे जेवत होते, म्हणून ती बाहेर ताटकळत राहिली. काकूनं ते पाहिलं आणि पुढच्या दाराची एक किल्ली तिच्या हातात ठेवली.

काकांचा घास हातातच राहिला. "अगं, घराची किल्ली? उद्या काही गेलं तर?"

"काय जाईल? तुमचं सरबत?"

"चेष्टा नको. मदत करावी, नाही कोण म्हणतंय? पण हे म्हणजे डोक्यावर बसवणं झालं."

"रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागायचं म्हणजे काय, कधी करून बघितलंय तुम्ही?" काकू शांतपणे म्हणाली. "आपल्याकडे सरबत गार राहतं आणि तिच्याकडे पोर मरायला टेकते. यात उपकार कसले? बाटली ठेवून घेतली नसती, तर पाप लागलं असतं."

काका बरेच दिवस घुश्श्यात होते. किल्ली मात्र बाईकडेच राहिली.

मग एका उन्हाळ्यात वीज गेली ती येईचना. काका भर दुपारी घरी आले ते स्कूटरवर पुढ्यात बर्फाची लादी घेऊन, पँट मांडीपर्यंत भिजलेली. "बघत काय बसलीस? बादली आण!" ते माझ्यावर खेकसले. "त्या पोरीची बाटली आहे ना आत!" काकू पाठ फिरवून हसत होती.

पुढे गावाबाहेर बंगला बांधून झाला. सामान बांधलं, ट्रक दारात आला, तेव्हा काकू म्हणाली, "फ्रिज बाईच्या खोलीत जाणार." तिथे एक दिवा लागायची मारामार, तारा जुनाट. "तारा बदलून होईपर्यंत मी हलत नाही," काकूनं सांगून टाकलं. ट्रक रिकामा परत गेला. आम्ही खोक्यांच्या मधोमध अंथरुणं घालून झोपू लागलो. शेवटी काकाच वायरमनला घेऊन त्या खोलीत जाऊन उभे राहिले. बंगल्यातला पहिला उन्हाळा आम्ही माठावर काढला. "फ्रिजचं पाणी घशाला बाधतं," काका पाहुण्यांना गंभीरपणे सांगायचे.

चिमणी मोठी झाली, तिनं शिवणाचं दुकान काढलं. थकलेल्या काकूच्या कपड्यांची मापं घ्यायला ती बंगल्यावर यायची. एकदा ती गेल्यावर मी म्हटलं, "काकू, तुझ्यामुळे उभी राहिली गं ही."

काकू म्हणाली, "हिच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारे होते. सारखे खोकायचे. जाता-येता ऐकू यायचं मला. कधी आत डोकावलेच नाही बघ. मी एका दारात गेले आणि मला वाटलं, झालं आपलं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठी घेतली, माझा हात धरला आणि बंगल्यामागे बांधकामावरच्या मजुरांची खोपटी होती तिकडे निघाली. पहिल्याच दारापाशी वाकून तिनं हाक दिली, "कोण आहे का गं घरात?"