शर्टाचं शेपूट

"नऊ वर्षं झाली, डिंपना. नऊ वर्षं मी मागेच."

"मग? कुणीतरी मागे लागतंच की. घोड्याला काय नुसतं तोंड असतं?"

"पहिल्या वर्षी घोड्याचे मागचे पाय. मग गाईचं ढुंगण. मग देवमाशाची शेपटी. आगगाडी केलीस तेव्हा वाटलं, आता तरी बाहेरचं काही दिसेल. तर मी शेवटचा डबा, आणि तोही बिनखिडकीचा."

"खिडक्यांना पुठ्ठा पुरला नव्हता."

"माझ्याच खिडकीला पुरला नव्हता."

डिंपना कॉयलनं नुलाकडे न बघता कात्री उचलली आणि चादरीची कड कापायला घेतली. स्वयंपाकघराचे पडदे घट्ट ओढलेले होते. हॅलोवीन, म्हणजे सोंगांचा सण, दोन दिवसांवर आला की डेरी गावात सगळ्याच घरांचे पडदे असे ओढलेले असतात. कोण कसलं सोंग शिवतंय हे शेजारणीला आधी कळलं, तर त्या सोंगात उरलं काय? त्या रात्री सगळं गाव सोंगं घेऊन नदीकडे उतरतं, आणि विकतचं सोंग घालून आलेल्याला पोरंसुद्धा हसतात. डिंपनाच्या टोळीला मात्र आजवर कुणी हसलं नव्हतं. लोक वाट बघायचे, यंदा कॉयलबाई काय काढते म्हणून.

यंदा तिनं शर्ट काढला होता. एकच शर्ट, पण चार बायका मावतील एवढा. डिंपनाचं डोकं कॉलरीतून वर येणार होतं. डावी बाही सॅडी, उजवी बाही कॉन्सेप्टा. दोघी टेबलाच्या त्या टोकाला बसून मानेएवढ्या कफांना टाके घालत होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या, आणि आज त्या टाचण्यांचे दोघी मनातल्या मनात आभार मानत होत्या.

चौथी होती नुला, डिंपनाच्या धाकट्या भावाची, फर्गलची बायको. तिनं पाठीमागे, कापडाच्या आत, कमरेत वाकून चालायचं होतं. शर्टाची मागची बाजू चिखलात लोळू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरायची. ती लांब, गोल कापलेली बाजू, जी पुरुष पँटीत खोचतात. चौघी पूर्वी ज्या शर्टांच्या कारखान्यात होत्या, तिथं त्या बाजूला सगळ्या शेपूट म्हणायच्या.

"मला खिसा कर," नुला म्हणाली. "छातीवरचा. मी पुढे चालेन, सरळ उभी राहून. माझी कंबर गेलीय."

"खिसा तू कधी शिवलास?"

"म्हणजे?"

"यंदाची अटच ती आहे. प्रत्येकीनं आयुष्यभर जे शिवलं, तेच व्हायचं. सॅडीनं बाह्या शिवल्या, कॉन्सेप्टानं कफ आणि काजं. मी कॉलर." कात्री थांबली. "तू काय शिवलंस, नुला? सांग की. सुईत दोरा तरी ओवलास का?"

सॅडीनं तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. "डिंपना, चहा टाकू का सगळ्यांना?"

"बस खाली."

सॅडी बसली.

नुलानं त्या कारखान्यात खरंच काही शिवलं नव्हतं. ती तपासायची. हॉलच्या टोकाला, उंच खिडकीखाली तिचं टेबल होतं. डझनांचे गठ्ठे तिथं जायचे. ती प्रत्येक नग उलटासुलटा करायची, कॉलरीच्या दोन्ही टोकांवर अंगठे दाबून बघायची, आणि जे मनाला आलं नाही त्यावर निळ्या खडूनं फुली मारायची. एक फुली म्हणजे अख्खा गठ्ठा परत. तो उसवायचा, पुन्हा शिवायचा, आणि तेवढ्या वेळाची मजुरी नाही. बायका तिच्या टेबलाकडे न बघता बघायला शिकल्या होत्या. गठ्ठा उजवीकडे ठेवला तर सुटलो, डावीकडे ठेवला तर मेलो.

डिंपना पंधराव्या वर्षी कॉलरीच्या यंत्रावर बसली आणि केस पिकू लागेपर्यंत तिथंच बसून राहिली. अख्खा शर्ट तिनं कधी शिवला नाही. तसा तो कुणीच शिवत नसे. पण रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसाची मान बघून ती सांगायची, ही कॉलर माझी. नवरा मॅलकी कामासाठी इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला, त्याला बरीच वर्षं लोटली. दोन पोरी तिनं कॉलरींवर वाढवल्या. "माझ्या घरात टोकं सरळ असतात," असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्यानं ते शर्टापुरतं घेऊ नये असा तिचा स्वर असायचा.

मग एका वसंतात मालकांनी सांगितलं की प्रत्येक रांगेतली एक बाई कमी करायची. जिचे गठ्ठे जास्त परत येतील, ती. त्या आठवड्यात डिंपनाचे गठ्ठे डावीकडे गेले. एकदा, दोनदा, परत तिसऱ्यांदा. शुक्रवारी ती कोट घालून बाहेर पडली तेव्हा सगळी यंत्रं चालू होती, आणि एकीनंही पाय पेडलवरून काढला नाही. पुढे दोन वर्षांनी कारखानाच बंद पडला आणि सगळ्याच घरी बसल्या. पण ते वेगळं. सगळ्यांबरोबर जाणं आणि एकटीनं जाणं यात डिंपनाच्या लेखी नदीएवढं अंतर होतं.

कारखाना बंद पडला त्याच शरदात तिनं जुन्या पडद्यांचा घोडा शिवायला घेतला. सॅडी आणि कॉन्सेप्टाला बोलावलं. नुलाला नव्हतं बोलावलं. नुलाच आली. दारात उभी राहून म्हणाली, "माणूस कमी पडत असेल तर मी येते." डिंपनानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागचे पाय तिच्या हातात दिले. तेव्हापासून दर वर्षी तेच चाललं होतं. वर डिंपना तिचे टाकेही तपासायची. "हे उसव, नुला. हे वाकडं गेलंय." सगळ्यांसमोर म्हणायची. नुला उसवायची.

आज मात्र नुलानं सुई खाली ठेवली होती.

"माझ्यासाठी म्हणून ही अट काढलीस तू," ती म्हणाली. "जे शिवलं तेच व्हायचं म्हणे. उन्हाळ्यापासून डोक्यात घोळवत असशील. नुलाला आणखी खाली कुठं घालता येईल?"

"शेपूट नसेल तर शर्ट पूर्ण होत नाही. मान आहे तुझा."

"पँटीत खोचायचा मान."

"तू आम्हाला काय दिलंस, ते आठव. मी त्या मानानं बरंच देते."

"कॉन्सेप्टा," नुला एकदम तिकडे वळली, "तुझे गठ्ठे मी परत पाठवले नाहीत कधी?"

कॉन्सेप्टानं तोंडातल्या टाचण्या काढल्याच नाहीत. तिनं मान अशी हलवली की हो आणि नाही दोन्ही त्यात बसावं.

"तिला कशाला मध्ये ओढतेस," डिंपना म्हणाली. "तिला घरी नाही बसवलंस. मला बसवलंस. भावाच्या लग्नात तुझ्या झग्याची कॉलर मी शिवली होती. फुकट. तीसुद्धा तपासून घेतली असशील."

"घेतली होती."

"बघा." डिंपना सॅडीकडे वळली. "बघा, कबूल करते."

"नऊ वर्षं मी तुझ्या टाचा बघत चाललेय, डिंपना." नुलाचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "वाकून, अंधारात, तोंडावर तुझ्या जुन्या पडद्यांचा वास. तुझा उजवा बूट आतल्या बाजूनं झिजतो. तुला ठाऊक नसेल. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा तू पुढे थांबून हात हलवतेस, आणि मी मागे तशीच ओणवी. एकदाही विचारलं नाहीस, ही येते कशाला? बाहेर बायकांच्या चार टोळ्या आहेत. कुणीही घेतलं असतं मला."

डिंपनाच्या हातातली कात्री उघडीच राहिली. हे तिनं खरंच कधी विचारलं नव्हतं. नुला येते, कारण तिला येण्याची गरज आहे, एवढं धरून ती चालली होती. आता त्या गरजेचं नाव तिच्या जिभेवर आलं, प्रायश्चित्त, आणि ते नाव तिला आवडलं नाही. आपण दिलेली शिक्षा भोगणारी बाई पाठीशी असणं वेगळं. आपण तिला पायाखाली ठेवलंय असं समजत असताना ती आपल्या मर्जीनं वाकत होती, हे फार वेगळं.

टेबलावर ती मोठी कॉलर पडली होती. आत खाऊच्या खोक्यांचा पुठ्ठा, वर दुहेरी चादर, आणि दोन टोकं सुरीसारखी. डिंपनानं ती उचलली आणि नुलापुढे ठेवली. शेजारी कापडावर मापं आखायचा निळा खडू होता, तोही सरकवला.

"तपास."

"वेडी आहेस का?"

"तपास म्हणते ना. हात विसरला नसशील."

सॅडी हळूच म्हणाली, "पोरींनो, परवा रात्र आहे. अजून बटणं लावायचीत."

कुणी ऐकलं नाही. नुलाचे अंगठे आपोआपच टोकांवर गेले. पुठ्ठ्यावरून तिनं शिवण चाचपली, कॉलर उलटी केली, पुन्हा सुलटी. डिंपना तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती हातांकडे बघत होती, उजवीकडे जातात की डावीकडे. नुलानं खडू उचलला, बोटांत फिरवला. कॉन्सेप्टाच्या तोंडातली एक टाचणी टेबलावर पडली.

"आता सांग," डिंपना म्हणाली. "ही नाही. ही मी काल शिवली. त्या सांग. त्या आठवड्यातल्या. खराब होत्या का त्या कॉलरी? मी अजून हात धुताना आठवते, दोरा कुठं सैल पडला असेल म्हणून. खराब होत्या म्हण, मी परवा स्वतः शेपटाला लागते, तू कॉलरीत जा. नाहीतर चांगल्या होत्या म्हण. पण म्हण काहीतरी."

नुलानं फुली न मारता कॉलर टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली, ना उजवीकडे, ना डावीकडे. खुर्चीवरचा कोट घेतला आणि अंगात घातला. बटणं खालून वरपर्यंत लावली, एकही न चुकवता. खडू अजून तिच्या हातातच होता. तो तिनं जुन्या सवयीनं खिशात टाकला, शर्टाच्या शेपटाला पाय लागू नये म्हणून वळसा घालून दारापर्यंत गेली, आणि बाहेर पडली.