मुक्ताच्या फ्लॉपीतलं दहावं घर

आधीच सांगून टाकतो, मी भूत, जिन, करणी, नजर यातलं काहीही मानत नाही. दहावीला अम्मीने दंडाला बांधलेला ताईत मी पहिल्याच पेपरला सोडून कंपासपेटीत टाकला होता, आणि पास झालो. बावन्न टक्के, पण पास! नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशिनांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं पोट चाललंय. म्हणूनच हे लिहिताना जरा लाज वाटते. पण न लिहिणं नमकहरामी होईल, म्हणून लिहितोय.

मला जुने कॉम्प्युटर गेम जमवायचा नाद आहे. फ्लॉप्या, कॅसेट, सीड्या, आणि ते चालवायला लागणारी जुनी मशिनं. घरातली मागची खोली त्यानेच भरलीय. बुरशी लागलेली फ्लॉपी उघडायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, वाचून घ्यायची, कॉपी करून ठेवायची. आमच्या नादात एकच कायदा — आधी कॉपी, मग खेळ. कारण जुनी फ्लॉपी दुसऱ्यांदा वाचेल याचा भरवसा नसतो. माझी बायको शबाना म्हणते, "भंगारवाला परवडला, तो निदान घेऊन जातो. तुम्ही आणून ठेवता."

हा नाद मला कशामुळे लागला, हे मात्र मी शबानालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी मूळचा जामखेडचा. बारावीनंतर वाघ सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायचो. तीन मशिनं, एक पंखा, आणि बाहेर चपला काढायची सक्ती! सर नावाचेच वाघ, आवाज कधी चढला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, मुक्ता, मी क्लासला लागलो त्याच्या आदल्या वर्षी गेली. हृदयाला भोक होतं. दहा वर्षांची होती. तिला बाहेर फिरायची मनाई, म्हणून सरांनी तिच्यासाठी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक गेम लिहिला होता. हिरव्या रेघांची नऊ घरं आणि डबा घेऊन फिरणारी एक मुलगी. प्रत्येक घरात शिरलं की एक वाक्य उमटायचं. ती वाक्यं मुक्ताने खाटेवर पडल्यापडल्या सांगितलेली. मराठीच, फक्त इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. सर शनिशिंगणापूरच्या शेजारच्या गावचे, तिथे घरांना दारं नसतात, त्यामुळे गेममधल्या एकाही घराला दार नव्हतं. "दार उघडायचा कोडही लिहावा लागत नाही," असं सर हसून सांगायचे. आम्हा पोरांना त्यांनी तो दोनदा दाखवला होता.

एका दुपारी सर जेवायला घरात गेले होते. एका मित्राने पुण्याहून मोटारींचा गेम आणला होता, तो उतरवून घ्यायला मला कोरी फ्लॉपी हवी होती. सरांच्या खणात एक बिनलेबलची दिसली. मी ती लावली आणि फॉरमॅट मारलं, तेही पुढे स्लॅश यू लावून. म्हणजे जुनं काही परत मिळणार नाही असं पक्कं. सरांनीच शिकवलं होतं, नाहीतर कचरा राहतो म्हणून. पुरं झाल्यावर खण ढकलायला गेलो तर तळाशी सुटून पडलेलं लेबल. निळ्या शाईत — मुक्ता.

पायाखालची जमीन सरकली हो! मी फ्लॉपी होती तिथे ठेवली आणि तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडलो. कुणालाच काही सांगितलं नाही. चारपाच दिवसांनी सरांनी ती फ्लॉपी सगळ्यांसमोर लावून बघितली. "बुरशी लागली असणार," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मला थांबवून ती माझ्याच हातात दिली. "कोरी झालीय. तुला राहू दे. सांभाळ." मला वाटलं, वाचलो. पण कसला वाचतोय... तेव्हापासून जिथे म्हणून जुनी फ्लॉपी दिसेल तिथून ती उचलून वाचवत सुटलो.

ही फ्लॉपी कोरी होती याबद्दल कुणी शंका काढू नये. सहा वर्षांपूर्वी तिचा कण न् कण वाचणारं यंत्र आणून मी ती तपासलीय. पहिल्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत फॉरमॅट करताना मशीन कोऱ्या जागेत भरतं ती एकच खूण, बाकी काही नाही. ती फाइल माझ्याकडे आजही आहे.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला.

"अस्लम, तू जुने गेम जमवतो म्हनं. सरांचे डोळे चाललेत रे. काचबिंदू हाय. एक गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर म्हनले, फार दिस न्हाईत. मुक्ताचा तो गेम तुझ्याकडं कुठं असंल का? एकदा बगायला मिळाला तर लई बरं हुईल. त्यांनी न्हाई सांगितलं हां फोन करायला. मीच करतीय."

मी "बघतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता माझी लबाडी ऐका. मी गेम नव्याने लिहायला बसलो. घरं आठवत होती, डब्याची मुलगी आठवत होती. सरांना धूसर दिसतंय, खपून जाईल, असं मनात म्हटलं. दोन दिवसांत नऊ घरं उभी राहिली. मग वाक्यं घालायची वेळ आली आणि एक आठवेल तर शपथ! आपल्या मनाचं काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि स्वतःचीच इतकी चीड आली की सगळं पुसून टाकलं. त्या पोरीची वाक्यं मी एकदा पुसलीच होती, आता तिच्या तोंडी माझी घालणार होतो. शबानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कॉम्प्युटर गाडीत घाला आणि जाऊन सांगा त्यांना. कोरी तर कोरी, पण त्यांची त्यांना द्या."

रविवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर जुना जाडजूड मॉनिटर, त्याला पट्टा बांधलेला. चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करत अकराला जामखेडात पोचलो. सर पुढच्या खोलीत खुर्चीवर होते, हाताने टेबल चाचपत. "अस्लम ना? पायरवावरून ओळखलं," म्हणाले. मी मशीन जोडलं. काकू चहा घेऊन आल्या आणि तिथेच टेकल्या. त्या आत गेल्या की सांगू असं ठरवलं होतं, पण त्या हलेनात. शेवटी तसंच सांगितलं. फॉरमॅट, लेबल, मोरी, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती.

काकूंनी तोंडाला पदर लावला. सर म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय?"

"अरे, फॉरमॅटचा आवाज मला कळत नाही होय? टक... टक... टक... एका लयीत. हात धुऊन येत होतो, दारातूनच ऐकला. मग तू मोरीत रडताना दिसलास."

"सर, मग बोलला का नाहीत? एक थोबाडीत तरी द्यायची!"

"बोललो असतो तर तू परत क्लासला आला असतास? मुक्ता गेलीच होती. तुला कशाला घालवू?"

काकूंनाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं बुरशीवर ढकलत आले. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, हुंदके देऊन रडलो.

"पुरे आता," सर म्हणाले. "लाव ती फ्लॉपी. ड्राइव्हचा आवाज तरी ऐकू."

लावली. काय आहे ते दाखवायची आज्ञा टाइप केली. एकही फाइल नाही असं उत्तर येणार, हे मला पाठ होतं. ड्राइव्ह घरघरला. मी पडद्याकडे बघायच्या आत सर खुर्चीत ताठ झाले. "हा वाचतोय! अस्लम, हा काहीतरी वाचतोय." आणि पडद्यावर एक ओळ आली. मुक्ता, डॉट, बेसिक.

तसाच तो चालवला. हिरवी घरं उमटली. सर उठून मॉनिटरला नाक लावून उभे राहिले. मी बाणाची बटणं दाबत होतो आणि काकू एकेक अक्षर जुळवून वाचत होत्या. ताकवाल्या मावशीकडे: "मावशी, पाणी कमी घाल." पुढच्या घरी: "इथला कुत्रा चावत नाही, नुसता ओरडतो." त्यांच्या स्वतःच्या घरी: "आईची पोळी जळाली. बाबा म्हणतात छान झाली." काकू रडता रडता हसल्या, "जळायच्याच माज्या!" शिंप्याच्या घरी: "काका, फ्रॉक मोठा शिवा. मी वाढणार आहे."

नऊ घरं झाली. मी हात काढणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अन् ते कोपऱ्यातलं?" खाली उजवीकडे अजून एक घर होतं. मला ते आठवत नव्हतं. सर म्हणाले, "नऊच लिहिली होती मी." डब्याची मुलगी आत गेली. वाक्य आलं: "इथे कुणी रागावत नाही. बस, चहा पी."

सर बराच वेळ त्या अक्षरांवर बोट फिरवत राहिले. मग बटण दाबलं गेलं आणि गेम संपला. तेव्हा कुठे मला आमचा कायदा आठवला. आयुष्यभर लोकांना शिकवलेला कायदा, आणि मी कॉपी केलीच नव्हती! घाईघाईने पुन्हा आज्ञा दिली. एकही फाइल नाही. दहा वेळा दिली. नाही म्हणजे नाही.

सर मात्र शांत होते. "वही आण गं," काकूंना म्हणाले. तिघांनी मिळून दहाही वाक्यं लिहून काढली. कुणाला एक शब्द आठवे, कुणाला दुसरा. चार वाजेपर्यंत वही पुरी झाली. दहावं घालायचं का, असं मी विचारलं. "घाल," सर म्हणाले, "ती तिचीच भाषा आहे."

घरी येऊन फ्लॉपी पुन्हा त्या यंत्राला लावली. सहा वर्षांपूर्वीची फाइल आणि आताची, कणाकणाने जुळवल्या. काडीचा फरक नाही. कोरीच. नेलेल्या मशिनाच्या हार्डडिस्कवरही कधी तो गेम नव्हता, माझी पुसलेली नक्कल मी दुसऱ्याच मशिनवर लिहिली होती. तिघांना एकाच वेळी भास झाला म्हणाल, तर जे वाक्य सरांनाच ठाऊक नव्हतं ते काकूंनी कसं वाचलं? बोर्ड असता तर खोलून बघितला असता.

वहीवरून गेम पुन्हा लिहिला, चार ठिकाणी कॉपी करून ठेवला आणि मशिनासकट जामखेडला नेऊन दिला. सरांना आता दिसत नाही. पण रोज चहाच्या वेळी ते बटणं दाबतात आणि काकू वाचतात. परवा मी गेलो होतो. दहाव्या घराशी आल्यावर काकूंनी विचारलं, "अवो, पर ह्ये घर कुनाचं म्हनायचं?"

"अस्लमचं," सर म्हणाले, आणि माझ्या बाजूला कप सरकवला.